उन्हाची ओटी

दारव्हा रोडवर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या जागेत नऊ मजली इमारत उभी राहत होती, तेव्हा मैनाबाईंनी तिला नावं ठेवली नाहीत. धूळ आली, त्यांनी पडदे धुतले. मशिनींचा आवाज आला, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पण इमारत पुरी झाली आणि पहिल्याच चैत्रात तिनं त्यांचं ऊन खाल्लं, तेव्हा मात्र त्यांनी प्रकरण मनावर घेतलं.

मैनाबाई मूळच्या महागावकडच्या, कापूस-तुरीच्या घरातल्या. लग्न होऊन यवतमाळला आल्या त्याला जमाना झाला. नवरा गेला, मुलगा कपिल नागपूरला नोकरीला, तो शनिवारी येतो. घरात त्या आणि सून सुरभी. घर साधंच, पण गच्ची अशी की गल्लीतल्या सगळ्या बायांचा तिच्यावर डोळा. उन्हाळा लागला की पाच-सात घरचं वाळवण तिथं पडायचं. पापड, सरगुंडे, मुगवड्या, कुरडया. कोणाची खाट कुठं, कोणाचं लुगडं कुठं अंथरायचं हे मैनाबाई ठरवायच्या, आणि त्या ठरवण्यात त्यांचं वर्षभराचं राजकारण असायचं.

त्या वर्षी जेवणं आटोपतात न आटोपतात तोच नऊ मजल्यांची सावली रस्ता ओलांडून गच्चीवर येऊन बसू लागली. पापड मऊ राहिले. वड्यांना वास लागला. आणि मग ती गोष्ट झाली, जी गल्लीत कोणी गेल्याच्या बातमीसारखी हळू आवाजात फिरली: मैनाबाईंच्या हातच्या कुरडया आंबल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसलं आणि रस्ता ओलांडला. सुरभीनं आदल्या रात्रीच हात जोडले होते. ती त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होती, आणि आपली सासू मालकाशी भांडायला जाणार या कल्पनेनं तिला जेवण गेलं नव्हतं. मैनाबाईंनी शब्द दिला की भांडणार नाही. तो त्यांनी पाळला. भांडल्या नाहीत, म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

इमारतीचं नाव 'शिलावंत'. बाहेरून काळ्या दगडाचे थर, हेमाडपंती देवळासारखे एकावर एक बसवलेले. पायथ्याशी पावसाचं पाणी साठवणारी पायऱ्यांची बारव. खिडक्यांना दगडी जाळ्या. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर बंजारा तांड्यावरच्या बायांच्या फेटियेवर, म्हणजे घागऱ्यावर, असतात तसे आरसे, फक्त परातीएवढे. गल्लीतले लोक तिला मंदिर-बिल्डिंग म्हणत, आणि एक म्हातारे गृहस्थ पहिल्या आठवड्यात चपला बाहेर काढून आत गेले होते.

मालक रजत तिशी-पस्तिशीचा. वडिलांची जिनिंग बंद पडल्यावर बाहेरगावी शिकून परत आलेला. वाईट मुलगा नव्हता. मैनाबाईंना खुर्ची दिली, ताक मागवलं, आणि वारसा, पर्यावरण, निसर्गाशी संवाद यांवर बराच वेळ बोलला. या सगळ्या इमारतीत एकही एसी नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. शेवटी मैनाबाईंनी उन्हाचं काढलं तेव्हा तो मनापासून हसला आणि म्हणाला, “काकू, आता पापड विकत मिळतात की.”

मैनाबाईंनी ताक संपवलं, पेला नीट बशीवर ठेवला आणि उठल्या. त्या क्षणापर्यंत त्यांची फक्त तक्रार होती.

खाली आल्या तर आरशांच्या भिंतीपुढं निकिता नावाची वास्तुरचनाकार मुलगी काही पाहुण्यांना इमारत समजावून देत होती. पुण्याची, चुणचुणीत, खादीचा कुर्ता घातलेली. मैनाबाई पाहुण्यांच्या मागं उभ्या राहून ऐकू लागल्या. निकितानं सांगितलं की गच्चीवर एक पवनकूप आहे, म्हणजे वाऱ्याची विहीर. वरचा वारा वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून आत येतो, थंड होऊन जड होतो आणि भिंतीतल्या पोकळीतून खाली उतरत खोल्याखोल्यांत पोचतो. मैनाबाईंच्या मनात आलं, हा तर नऊ मजली कूलर झाला. मग निकिता म्हणाली की पवनकुपाभोवती दगडी फरशीचं मोठं अंगण आहे, आपल्या जुन्या घरांच्या अंगणाची आठवण म्हणून. तिथं दिवसभर ऊन असतं, त्यामुळे अजून कोणी फिरकत नाही, असंही तिनं जरा खेदानं सांगितलं.

दिवसभर ऊन. मैनाबाईंनी एक उसासा टाकला. तो चांगला लांब आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा होता.

निकितानं वळून विचारलं, आजी, काय झालं?

“अंगण झ्याक बांधलं बाई,” मैनाबाई म्हणाल्या. “पण त्याची ओटी भरली का?”

“ओटी? कुणाची?”

“उन्हाची.” आणि मग चेहऱ्यावरची रेघही न हलवता त्यांनी सांगून टाकलं. “नव्या वास्तूनं ज्याचं ज्याचं ऊन घेतलं, त्या घरच्या बायाईनं पहिल्या उन्हाळ्यात तिच्या अंगणात वाळवण घालाचं. उन्हाची ओटी म्हणतेत त्याले. नाही भरली तं वास्तू रुसते. आता लोकं करत नाहीत, म्हणून तं घराघरात अशी कटकट हाय.”

निकिताचे डोळे भरून आले की काय असं मैनाबाईंना वाटलं. पाहुण्यांतल्या एकानं फोन काढून तो शब्द टिपून घेतला. आणि नेमकी तेव्हाच लिफ्टमधून सुरभी बाहेर आली, गळ्यात ओळखपत्र, हातात जेवणाचा डबा. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं, सासूकडे पाहिलं, आणि डबा घेऊन आल्या पावली लिफ्टमध्ये परत शिरली.

संध्याकाळी घरी तिनं विचारलं, “आई, ही रीत कधीपासूनची?”

“आज दुपारपासूनची,” मैनाबाई म्हणाल्या आणि उडदाचं पीठ भिजवायला घेतलं.

सुरभीला खोटं बोलता येत नसे. शाळेत असताना मैत्रिणीची कॉपी तिनं मैत्रिणीलाच विचारून बाईंना सांगितली होती, असा तिचा स्वभाव. ती म्हणाली की मी तोंड उघडणार नाही, पण मला कोणी विचारलं तर मात्र माझा इलाज नाही. मैनाबाईंनी तिला एवढंच सुचवलं की कोणी विचारणार नाही अशा बेतानं राहत जा.

निकितानं रजतला कसं पटवलं ते तिचं तिला ठाऊक. 'जिवंत वारसा' या दोन शब्दांचा त्यात मोठा हात होता म्हणतात. आठवड्याच्या आत मैनाबाईंच्या मागं गल्लीतल्या बाया पोळपाट-लाटणी, सोऱ्या, जुनी लुगडी घेऊन त्या चकचकीत लिफ्टमधून वर जाऊ लागल्या. लिफ्टवर आणि वरच्या अंगणावर भावसिंग नावाचा माणूस होता, दिग्रसकडच्या एका तांड्यावरचा, झुपकेदार मिशांचा, नियमाचा पक्का. पहिल्या दिवशी त्यानं सोऱ्याला हत्यार समजून अडवलं. मैनाबाईंनी त्याला वर नेलं आणि कुरडयांचा गरम चीक वाटीत घालून, वर तेल-मीठ टाकून हातात दिला. दुसऱ्या वाटीनंतर तो त्यांना 'याडी' म्हणू लागला. तांड्यात आईला याडी म्हणतात.

ऊन असं की पापड टाकावा आणि पाठ फिरवावी तोवर कडक. सावलीचं नाव नाही. मैनाबाईंना कबूल करावं लागलं की पोरीनं अंगण चांगलं बांधलंय.

पण एकदा रीत काढली की ती वाढवण्याचा मोह आवरत नाही. कावळे फार येत होते, आणि बाया लाटायला बसल्या की हाकलायला कोणी नसे. तेव्हा मैनाबाईंनी निकिताला सांगितलं की कावळे हाकलण्याचा मान वास्तूतल्या कामकरी मंडळींचा असतो. निकितानं लगेच पाळ्या लावल्या. सहाव्या मजल्यावरच्या एका कंपनीचा टाय लावणारा मॅनेजर पहिल्या दिवशी तोंड वाकडं करून काठी घेऊन उभा राहिला. त्याला तेलात बुडवलेली पापडाची लाटी मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी नव्हती तरी तो आला. पुढं पुढं तर कावळ्यांपेक्षा हाकलणारेच जास्त झाले, आणि त्यातले काही हाकलता हाकलता लाट्यांकडे पाहत असत.

फोटो छापून आले. माहितीपत्रकात 'उन्हाची ओटी' या मथळ्याखाली मैनाबाई झळकल्या, हातात लाटणं, मागं काळा दगड. रजतला हे सगळं मनातून आवडत नव्हतं, कारण मोठे भाडेकरू आले की लिफ्टला हिंगाचा वास येई. पण लोक कौतुक करत होते, तेव्हा तोही करत होता.

वैशाखात हरित इमारतीचं प्रमाणपत्र देणारी मंडळी तपासणीला यायची ठरली. त्यांच्या प्रमुख नागपूरच्या डॉक्टर कौसल्या देशकर. बाई फार कडक, कागद बघत नाहीत, भिंतीला हात लावून बघतात, अशी त्यांची ख्याती होती. रजतनं आदल्या दिवशी फर्मान काढलं की उद्या वरचं अंगण आरशासारखं स्वच्छ पाहिजे, एक शेवई दिसता कामा नये.

अडचण अशी झाली की त्याच आठवड्यात भावसिंगच्या बायकोनं, जमनीनं, वर्षभराच्या मिरच्या वाळायला आणल्या होत्या. भिवापुरी. लाल, सणसणीत, उन्हानं अशा कडक झालेल्या की हात लागताच खुळखुळ वाजत. जमनी बोलायला गरीब, पण मिरचीच्या बाबतीत तडजोड न करणारी. फिक्या मिरचीला ती भाजी म्हणायची. बायांनी पापड-कुरडया सकाळीच खाली नेल्या. मिरच्या पोत्यांत भरायच्या आतच खालून निरोप आला की मंडळी दारात उतरली.

पवनकुपाच्या माथ्यावर वाळ्याच्या ताट्यांच्या आत एक लहान खोली होती, झडपा उघडायची-लावायची. मैनाबाई म्हणाल्या, टाका तिकडे, तासाभराचा तर प्रश्न आहे. भावसिंगनं मिरच्या लुगड्यांसकट आत कोंबल्या. दार लागेना, तेव्हा तो बूट घालूनच त्या ढिगावर चढला आणि चांगल्या चार उड्या मारून त्यानं मिरच्या दडपल्या. दार लागलं. आतून कुरकुर आवाज आला, तो बंद झाला, आणि तिघंही निवांत झाली.

खाली रजत डॉक्टर देशकरांना पवनकुपाचं महत्त्व सांगत होता. बाईंनी विचारलं, हवा खरोखर प्रत्येक खोलीत पोचते का? रजत म्हणाला, आत्ताच दाखवतो, आणि त्यानं फोनवरून भावसिंगला हुकूम दिला की झडपा पूर्ण उघड.

भावसिंगनं मैनाबाईंकडे पाहिलं. मैनाबाईंना वाऱ्याच्या विहिरीचं शास्त्र कळत नव्हतं, पण मिरचीचं कळत होतं. त्या नको म्हणेपर्यंत नियमाच्या पक्क्या माणसाचा हात कळीवर पडला होता.

पहिली शिंक नवव्या मजल्यावर झाली. मग आठव्यावर दोन एकदम. मग जिना उतरावा तशा शिंका मजल्यामागून मजला उतरत गेल्या. विम्याच्या ऑफिसात सुरभीनं ग्राहकाला पॉलिसी समजावताना शिंकायला सुरुवात केली, ग्राहकानं तिला साथ दिली. टायवाला मॅनेजर टायमध्ये तोंड खुपसून बाहेर धावला. दारं उघडली, माणसं जिन्यात आली, आणि दगडी जिन्यात शिंकांचे असे पडसाद उठले की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी वर पाहिलं. आरशांच्या भिंतीत लाल नाकांची जत्रा भरली होती.

रजत रुमाल तोंडाला लावून जिन्यानं वर धावला, मागोमाग तपासणीची मंडळीही. आठव्या मजल्यावर त्यांना वरून येणारा भावसिंग भेटला. डोळे रक्तासारखे, मिशीत मिरचीचं बी. रजतला सांगायची गरजच उरली नाही. सगळ्यांसमोर तो शिंका आवरत म्हणाला की उद्यापासून कामावर येऊ नकोस.

भावसिंगच्या मागं जमनी होती, तिनं पदर तोंडाशी धरला होता, आणि तो मिरचीसाठी होता की कशासाठी ते कळत नव्हतं. आतापर्यंत सगळं मजेचं चाललं होतं. मैनाबाई दोघांना बाजूला सारून पुढं आल्या.

“त्याले कायले बोलता?” त्या म्हणाल्या. “मीच म्हटलं तिकडे टाक म्हणून. काय कराचं ते माह्यं करा.”

पाहुण्यांचे डोळे वाहत होते, एकजण खाली बसला होता. रजत आदरातिथ्य रक्तातच असलेला मुलगा. त्यानं घाईनं जवळचंच आपल्या केबिनचं दार उघडलं, सगळ्यांना आत घेतलं आणि पाणी मागवलं. मैनाबाई न बोलावता आत शिरल्या. भावसिंग-जमनीला त्यांनी हाताला धरून आत ओढलं. चौथ्या मजल्यावरून सासूचा शोध घेत आलेली सुरभी आणि लालबुंद निकिता, दोघी शेवटी आल्या आणि दार लागलं.

आत शिंका थांबल्या.

सगळ्यांनी डोळे पुसले, पाणी प्यायलं. छान गार वाटत होतं. मग एक बारीक घुरघुर ऐकू येऊ लागली. डॉक्टर देशकर उठल्या. रजतच्या खुर्चीमागं कोरीव लाकडाची सुंदर जाळी होती. बाईंनी तिच्यावर तळहात ठेवला, मग कान लावला. नंतर त्या छताजवळच्या पवनकुपाच्या झरोक्याकडे गेल्या, त्यावरचं मोठं चित्र जरा बाजूला सरकवलं. झरोका थर्माकोल ठासून बंद केलेला होता.

निकितानं रजतकडे पाहिलं. रजतनं गालिच्याकडे.

“या इमारतीत एकही एसी नाही ना?” डॉक्टर देशकरांनी विचारलं.

“मला उकाडा सहन होत नाही,” रजत म्हणाला. एवढं खरं तो सबंध दिवसात पहिल्यांदाच बोलला असावा.

बाई खुर्चीत परत बसल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की आम्ही अशा पोकळ्यांमधून रंगीत धूर सोडून तपासणी करतो, पण तो डोळ्यांना दिसतो तिथवरच कळतं. आज नऊच्या नऊ मजल्यांवर, थेट कोपऱ्यातल्या खोल्यांपर्यंत हवा पोचते याचा पुरावा मिळाला. तुमच्या वास्तुरचनाकाराचं काम उत्तम आहे. एकाच खोलीत हवा पोचत नाही, ती ही. तो जाळीमागचा एसी आणि थर्माकोल निघालं की मला कळवा.

मग त्या मैनाबाईंकडे वळल्या. त्यांच्या हातात माहितीपत्रक होतं. “मी वणीची,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीनं ही उन्हाची ओटी कधी सांगितली नाही.”

“वणीले नसन,” मैनाबाई सवयीनं म्हणून गेल्या.

पण तेवढ्यात त्यांचं लक्ष निकिताकडे गेलं. पोरगी रडून-शिंकून सुजलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती, अगदी विश्वासानं. आज तिला एकदा फसवलेलं होतं, मालकानं. दुसऱ्यांदा आपण फसवावं हे मैनाबाईंना जमेना.

“नव्हतीच ती रीत,” त्या म्हणाल्या. “मीच काढली. यानं माह्यं ऊन घेतलं अन् वरून म्हणे पापड विकत घ्या. मले राग आला.” मग जरा थांबून निकिताला म्हणाल्या, “अंगण मात्र खरंच चांगलं हाय बाई. ते खोटं नाही बोलली.”

निकिताला हसू फुटलं, ते कोपऱ्यातल्या जमनीला लागलं, आणि हसता हसता जमनीच्या पदरातून उरलीसुरली मिरची उडाली, तेव्हा त्या गार खोलीतही शिंका सुरू झाल्या. रजत सगळ्यात जास्त शिंकला. सवय नव्हती.

भावसिंगची नोकरी राहिली. त्याबद्दल रजतशी वेगळं बोलावं लागलं नाही. ज्याची लबाडी इतक्या लोकांनी मिळून पाहिली, तो दुसऱ्याला कोणत्या तोंडानं काढणार? केबिनमधला एसी आठ दिवसांत निघाला, पवनकूप धुवून वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्या, आणि भर उन्हाळ्यात प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. भिवापुरीचा ठसका मात्र पहिल्या पावसापर्यंत अधूनमधून यायचा. रीत खोटी ठरली म्हणून वाळवण बंद पडेल असं मैनाबाईंना वाटलं होतं. पण लाट्या खायला मिळणार नाहीत हे कळल्यावर सहाव्या मजल्यानं रजतकडे जाऊन अशी कुरकुर केली की त्यानं स्वतः रस्ता ओलांडून बायांना बोलावलं. मैनाबाईंनी त्याला ताक दिलं. पापड विकत मिळतात असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणावंसं वाटलं होतं, पण पोरगं उन्हानं लाल होऊन आलं होतं.

पुढच्या फाल्गुनात ढाणकीहून एक गृहस्थ आले. त्यांनी बाजारात दुमजली कृषी केंद्र बांधलं होतं. शेजारच्या बायका म्हणत होत्या की यवतमाळला उन्हाची ओटी भरतात म्हणे, तशी भरल्याशिवाय आम्ही तुमच्या दुकानात पाय ठेवणार नाही. तेव्हा रीत काय, साहित्य काय, ते नीट समजून घ्यायला ते मुद्दाम आले होते.

मैनाबाई सोप्यात काडीवर सरगुंडे वळत बसल्या होत्या. त्यांना ठसका लागला. आता खरं सांगायचं की काय, या विचारात त्या पाणी प्यायला लागल्या. तोवर सुरभी दारात येऊन उभी राहिली होती, ऑफिसला निघालेली, खांद्याला पर्स. पाहुण्यानं मैनाबाईंचं उत्तर येईना म्हणून तिलाच विचारलं.

सुरभीनं सासूकडे पाहिलं. मग पर्स खाली ठेवली.

“बाकी आई सांगतील,” ती गंभीरपणे म्हणाली, “पण एक लक्षात ठेवा. कुरडयांचा चीक मालकानं स्वतः हाटाचा असते. भर उन्हात. नोकरानं हाटलेला चालत नाही.”

गृहस्थांनी मान डोलावली आणि विचारलं, किती वेळ?

“हात दुखेपर्यंत,” सुरभी म्हणाली, आणि पर्स उचलून ऑफिसला गेली. मैनाबाई हातातलं सरगुंड तसंच धरून कितीतरी वेळ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या.